घूं आवाज येतोय? माईक बदलण्याआधी चार्जर काढून बघा

तुमचा प्रश्न असा आहे : 'घरच्या लॅपटॉपवर मुलांसाठी गोष्टी रेकॉर्ड करतो. मागे सतत घूं आणि बारीक स्स् असा आवाज येतो. दहा हजारांपर्यंतचा कोणता माईक घ्यावा? की सॉफ्टवेअरने साफ होईल?'

माईक घेऊ नका. सॉफ्टवेअरला तर एवढ्यात हातही लावू नका. आज रात्री एवढंच करा. लॅपटॉप पूर्ण चार्ज करा, चार्जरची पिन भिंतीतून उपसून काढा, आणि काहीही न बोलता अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. ते हेडफोन लावून ऐका. लॅपटॉपच्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचा घूं नीट ऐकूच येत नाही आणि माणूस फसतो. घूं गेला असेल तर तुमचे दहा हजार वाचले.

इतक्या ठामपणे सांगते, कारण हे मला वेळेवर कुणी सांगितलं नाही आणि त्यात माझ्या आईच्या बारा ओव्या गेल्या.

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. आईला जात्यावरच्या ओव्या पुष्कळ यायच्या. शिकवलेल्या नव्हेत, सासूच्या समोर बसून दळताना तोंडात बसलेल्या. २०२१ च्या दिवाळीत मी ठरवलं की या रेकॉर्ड करायच्या. आई म्हणाली, जातं फिरल्याशिवाय मला ओवी सुचायची नाही. मग दादाने माळ्यावरचं जातं खाली काढलं, टाकी लावून घेतली, म्हणजे दगडांना पुन्हा खाचे पाडून घेतले, नवा खुंटा ठोकला. मी इचलकरंजीहून शाळेच्या कामाचा लॅपटॉप आणि चारशे रुपयांचा कॉलर माईक घेऊन गेले. सोप्यात जातं मांडलं, माईक आईच्या पदराला लावला. दोन सकाळी मिळून तेवीस ओव्या झाल्या. जोंधळ्याचं पीठही झालं, त्याच्या भाकरी आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या.

रात्री ऐकलं तर सगळ्या फायलींत घूं.

भाचा तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला होता, दिवाळीला घरी आलेला. म्हणाला, "आत्या, माईक भंगार आहे. पण काळजी करू नकोस, दोन मिनिटांत साफ करून देतो." मी फायली पेनड्राइव्हवर टाकल्या. कॉपी केल्या नाहीत, कट करून पेस्ट केल्या, कारण लॅपटॉपवर जागा उरली नव्हती. ही चूक माझी, ती मी मान्य करते. त्याने ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या उघडल्या, नॉईज रिडक्शन म्हणजे मागचा नको तो आवाज कमी करणारी सोय लावली, एमपीथ्री करून मला परत दिल्या आणि मूळ फायली पुसून पेनड्राइव्ह मोकळा केला.

आता त्याने नेमकं काय केलं ते नीट समजून घ्या, कारण तुम्हीही हेच करणार आहात. नॉईज रिडक्शनला आधी नमुना द्यावा लागतो, की बाबा, हा बघ, याला आवाजातून वजा कर. नमुना असा घ्यायचा असतो जिथे फक्त नको असलेला आवाज आहे. त्याने प्रत्येक फायलीची पहिली चार सेकंदं घेतली. पण दळणारी बाई आधी जातं दोन-तीन फेरे फिरवते, लय बसली की मग ओवी उचलते. त्या चार सेकंदांत घूं होता आणि जात्याची घरघर होती. सॉफ्टवेअरने दोन्ही वजा केलं. वर त्याने किती वजा करायचं तो आकडा तीस डीबीच्याही (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) पुढे नेला होता.

दुसऱ्या दिवशी आईला ऐकवलं. तिने दोन ओव्या ऐकल्या आणि विचारलं, "जातं कुठं गेलं?"

मग थोड्या वेळाने म्हणाली, "ह्यो माझा आवाज न्हवं. हिरीतनं कोण बोलतंय."

विहिरीतून. मला आजवर नॉईज रिडक्शनच्या दोषाचं याहून अचूक वर्णन कुठे मिळालेलं नाही. जास्त लावलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, कडेला बारीक टिंगटिंग फुटत राहते. कारण सरळ आहे. आपल्या बोलण्यातला बराचसा भाग स्वतःच खरखरीसारखा असतो. 'स', 'श', 'ष' म्हणजे नुसती हवाच. 'ख', 'थ', 'फ' मधला जो हकार आहे तोही हवाच. सॉफ्टवेअरला ही हवा आणि पंख्याची हवा यांतला फरक कळत नाही. आईच्या 'खाली'चं 'काली' झालं होतं. ओळीच्या शेवटी ती 'गं बाई' म्हणत आवाज सोडून द्यायची, ते सोडून देणं मध्येच कापलेलं होतं. दोन ओळींच्या मधला श्वास नाही. सत्तरी ओलांडलेली बाई दळत दळत गातेय आणि तिला दम लागत नाही, असं कसं होईल?

घूं का येत होता याचा शोध मात्र भाच्याने नाही, माझ्या वहिनीने लावला. ती सहज म्हणाली, "वन्सं, तुमच्या त्या लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात." मी हेडफोन लावून बसले, रेकॉर्डिंग सुरू ठेवलं आणि लॅपटॉपच्या धातूच्या कडेला बोट टेकवलं. घूं निम्मा झाला. बोट उचललं, परत आला. चार्जर काढला, साफ गेला. चार सेकंदांचं काम.

आमचं घर जुनं. तीन पिनांचा चार्जर मी दोन पिनांचा जोड लावून खोचला होता, कारण सोप्यातल्या बोर्डाला अर्थिंगच नव्हतं. दादाचं म्हणणं नेहमीचं, घर उभं राहिल्यापासून कधी अर्थिंग लागलं नाही. चार्जरच्या आत फेजकडून अर्थला आणि न्यूट्रलकडून अर्थला असे छोटे कपॅसिटर असतात, विजेतली घाण जमिनीत सोडायला. अर्थची तार असेल तर ते बिनबोभाट चालतं. नसेल तर लॅपटॉपचं अंग २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहतं. करंट अगदी किरकोळ, म्हणून झटका बसत नाही, नुसत्या झिणझिण्या येतात. पण माईकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा. त्याच्यात विजेचे ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला पन्नास कंपनं, मिसळायला एवढं भरपूर झालं.

तुमच्याकडे पेटी (हार्मोनियम) असेल तर अजून एक तपासणी आहे, मी ती शाळेतल्या पेटीवर करून बघितली. ५० हर्ट्झ आणि त्याची दुप्पट १०० हर्ट्झ हे दोन्ही पांढरी पाचच्या, म्हणजे पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या सुराच्या, किंचित वर बसतात. घूं पांढरी पाचशी जुळला तर तो विजेच्या लायनीतून आलाय, डोळे मिटून समजा. (अमेरिकेतल्या वाचकांना हे लागू नाही, तिथली वीज ६० हर्ट्झची, तिचा सूर वेगळा.)

त्या जानेवारीत मी परत गेले. तेच घर, तेच जातं, तोच चारशे रुपयांचा कॉलर माईक. लॅपटॉप बॅटरीवर, चार्जर पिशवीत. घूं नाही. जात्याची घरघर आहे, मागे कोंबडा आहे, वहिनीच्या बांगड्या आहेत, आणि आई आहे. अकरा ओव्या झाल्या. बाकीच्या बारा त्या दिवशी तिला आठवल्या नाहीत, मग तिला खोकला लागला, मग जातं ओढवेना. २०२३ मध्ये ती गेली. त्या बारा माझ्याकडे आहेत त्या विहिरीतल्याच.

भाचा अजूनही लग्नकार्यात भेटला की म्हणतो, आत्या, चांगला माईक असता तर हे झालंच नसतं. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहिते : माईक तोच होता. दोन्ही वेळा तोच होता. दुसरं तो म्हणतो, ओव्या काय, नेटवर लाखभर आहेत. खरं आहे, हेमा राईरकर आणि गी पॉईटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाच्या घरात ओव्या गोळा केल्या, ते काम फार मोठं आहे आणि मी त्यातलं तासन् तास वाचलंय. आईच्या ओव्यांतले शब्द त्यात सापडतीलही. आईचा दम सापडणार नाही.

आता तुमच्या 'स्स्'बद्दल. तो घूंपेक्षा वेगळा, त्याचं कारणही वेगळं. बहुतेक वेळा माईक लांब असतो आणि माणूस आवाज वाढवत बसतो. विंडोजच्या रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये माईक बूस्ट नावाची पट्टी असते, ती +३० डीबीवर असेल तर तुमचा आवाज आणि आतली खरखर दोन्ही सुमारे बत्तीस पट होतात. ती शून्यावर किंवा फार तर +१० वर आणा आणि माईक तोंडाजवळ घ्या. एक वीत पुरे, समोर नको, थोडा बाजूला, म्हणजे 'प' आणि 'भ' फुटत नाहीत. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज ६ डीबीने वाढतो आणि खोलीचा वाढत नाही. फुकटात. मीटरवर तुमचा सगळ्यात मोठा आवाज -१२ ते -६ डीबीच्या मध्ये राहू दे.

एवढं करूनही 'स्स्' राहिला तर तो लॅपटॉपच्या आतल्या साऊंड कार्डाचा आहे, आणि तेव्हा मात्र साधा यूएसबी माईक घेण्यात अर्थ आहे. रस्त्यावरचं घर असेल तर कंडेन्सर जातीच्या माईकच्या मागे लागू नका, तो सगळी गल्ली ऐकतो. डायनॅमिक जातीचा घ्या, तो जवळचंच ऐकतो. कुठल्या कंपनीचा ते मी सांगणार नाही, मी दोनच वापरलेत.

पंखा बंद करा हे वेगळं सांगत नाही. पण रेग्युलेटर गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक असेल तर दुसऱ्या खोलीतला पंखासुद्धा कमी वेगावर टर्रर असा आवाज लायनीत सोडतो, तोही बंद करा. इन्व्हर्टरवर घर चालू असताना रेकॉर्ड करू नका. आणि घुमतं ते माईकमुळे नाही, फरशी आणि उघड्या भिंतींमुळे. पाठीमागे दोरीवर गोधडी टाका. मी अंध विद्यार्थ्यांसाठी धडे वाचून रेकॉर्ड करते, तेव्हा कपाटाची दारं उघडी टाकून साड्यांकडे तोंड करून बसते. इचलकरंजीत दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट असतो, त्यामुळे लाईट गेली की माझं काम सुरू होतं. माग थांबतात, पंखे थांबतात, लॅपटॉप आपोआप बॅटरीवर. शेजारच्यांना लाईट गेल्याचा त्रास होतो, मी तेवढ्यात दोन धडे वाचून काढते.

सॉफ्टवेअर वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, हे सांगायला हवं. मीही वापरते. सगळं झाल्यावर, फायलीची प्रत करून, ६ ते ९ डीबी एवढंच, आणि नमुना मुद्दाम दहा सेकंद गप्प बसून रेकॉर्ड केलेल्या शांततेचा. ८० हर्ट्झच्या खालचं कापणारा फिल्टर त्याआधी लावते, त्याने बोलण्याला धक्का लागत नाही. मूळ फाईल वेव्हमध्ये (आवाज न दाबता ठेवणारा फाईलचा प्रकार) ठेवते, मोनोमध्ये, म्हणजे एकाच चॅनलवर, मिनिटाला साधारण ५ एमबी लागतात, आजच्या दिवसांत ही जागा काहीच नाही. झूमवर किंवा विंडोजमध्ये आवाज आपोआप साफ करणारी सोय चालू असेल तर तीही बंद करा. लॉकडाऊनमध्ये गाण्याचे क्लास घेणाऱ्यांना विचारा, झूम तंबोरा गिळून टाकायचं, कारण एकसारखा चालणारा सूर त्याला पंख्यासारखाच वाटतो. 'ओरिजिनल साऊंड' चालू केल्यावर तंबोरा परत यायचा. आईच्या जात्याचंही तेच झालं होतं.

अर्थिंगबद्दल दोन गोष्टी. घूं जावा म्हणून कुणी चार्जरची अर्थ पिन कापायला सांगेल, ते अजिबात करू नका, जिवाशी खेळ आहे. आणि बोर्ड स्वतः उघडू नका, परवानाधारक वायरमनला बोलवा आणि त्याच्याकडून फेज व अर्थच्या मध्ये टेस्ट लॅम्प लावून घ्या. लख्ख पेटला नाही तर अर्थिंग नावालाच आहे. दादाने शेवटी अंगणात खड्डा घेऊन मीठ-कोळसा घालून अर्थिंग करून घेतलं. तेव्हापासून वहिनीला फ्रिजचाही झटका बसलेला नाही. तुमचा कॉम्प्युटर डेस्कटॉप असेल तर बॅटरीची तपासणी जमणार नाही, तिथे सुरुवात याच टेस्ट लॅम्पपासून करा.

माझा भाचा इथे उत्तरं वाचतो, मला माहीत आहे. त्याच्यासाठी शेवटचं : तो निळा पेनड्राइव्ह तुझ्या हॉस्टेलच्या सामानात कुठेतरी असेल. पुसलेल्या फायली त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत परत मिळू शकतात. सापडला तर त्यावर काहीही कॉपी करू नकोस, लॅपटॉपला जोडूही नकोस. तसाच खिशात घालून इचलकरंजीला ये.