बायबल सत्तेच्या अधीन राहा म्हणतं, मग ख्रिस्ती माणूस सरकारला विरोध कसा करणार?

मी स्वतः ख्रिस्ती आहे आणि हा प्रश्न मलाही बरीच वर्षं छळत होता. रोमकरांस पत्राच्या 13व्या अध्यायात अधिकाऱ्यांच्या अधीन राहा असं पौल लिहितो, खरंय. पण त्याच नव्या करारात, प्रेषितांची कृत्ये 5:29 मध्ये, येशूचा शिष्य पेत्र ज्यूंच्या न्यायसभेला तोंडावर सांगतो की माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे, आणि त्यासाठी प्रेषित फटके पण खातात. माझ्या मते तिथेच उत्तर आहे, शिक्षा सोसायची पण चुकीचं काम करायचं नाही.

हिटलरच्या काळात चर्चमधल्या खूप लोकांनी अधीन राहा हे पहिलंच वचन धरून ठेवलं. 1934 मध्ये जर्मनीतल्या बार्मेनला धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ वगैरेंनी जाहीरनामा काढला की चर्चचा प्रभू ख्रिस्तच, दुसरा कुणी नाही. तेव्हा हे बोलायला हिंमत लागत होती, पण त्यात ज्यूंबद्दल एक शब्द नाही आणि ते मला अजून टोचतं, कारण आपलं चर्च वाचवणं वेगळं आणि शेजाऱ्यासाठी उभं राहणं वेगळं.

मला खरा आधार मिळाला तो फ्रान्झ येगरश्टेटरकडून. ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड गावचा साधा शेतकरी, गावच्या चर्चची देखभाल करायचा, घरी बायको फ्रान्झिस्का आणि तीन लहान मुली. हिटलरसाठी लढणं पाप आहे हे त्याच्या मनाने घेतलं होतं. तो लिंझच्या बिशपना भेटला तर ते म्हणाले तू आधी घरच्यांचा विचार कर, युद्ध बरोबर की चूक हे ठरवणं तुझं काम नाही. तरी मार्च 1943 मध्ये सैन्यात बोलावल्यावर हजर होऊन त्याने सांगितलं, मी शस्त्र उचलणार नाही. 9 ऑगस्टला त्याचा शिरच्छेद केला, वय 36.

त्या तीन मुलींचा विचार आला की माझा जीव आजही कळवळतो, त्याचं बरोबरच होतं असं मी सहज म्हणू शकत नाही. पण बिशप, शेजारीपाजारी सगळे एकीकडे असताना तो एकटा कशाच्या जोरावर उभा राहिला असेल, तर प्रार्थनेच्याच ना? युद्धानंतरही गावात त्याला भला म्हणणारे थोडेच होते, बायकोला पेन्शनसाठी कित्येक वर्षं थांबावं लागलं. 2007 मध्ये त्याच लिंझच्या कॅथेड्रलमध्ये चर्चने त्याला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तेव्हा फ्रान्झिस्का तिथे हजर होती, 94 वर्षांची.