तांब्याच्या भांड्याचं ‘कार्बन डेटिंग’?

प्रश्न : ‘कार्बन डेटिंग’ला मराठीत काय म्हणावं : कालगणना, कालनिर्णय की कालमापन? आणि ‘उत्खननात सापडलेल्या तांब्याच्या भांड्याचं कार्बन डेटिंग केल्यावर ते ३००० वर्षांपूर्वीचं असल्याचं सिद्ध झालं’ असं वाक्य वाचलं. ते बरोबर आहे का?

आधी वाक्याचं बघू. व्याकरणात ते चोख आहे, घोटाळा रसायनाचा आहे. कार्बन डेटिंग होतं ते एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूचं : लाकूड, कोळसा, धान्य, हाड, कापड. झाड किंवा प्राणी जिवंत असेपर्यंत हवेतून, अन्नातून किरणोत्सारी कार्बन-१४ घेत राहतो. मेला की पुरवठा बंद, आणि आत असलेला कार्बन-१४ दर ५७३० वर्षांनी निम्मा होत जातो. किती उरलाय ते मोजलं की मरण कधी आलं ते कळतं. साधारण ५०,००० वर्षांपलीकडे मोजण्याजोगं फारसं काही शिल्लक राहत नाही. ही पद्धत विलर्ड लिबी यांनी शिकागोत १९४९ च्या सुमारास बसवली आणि १९६० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तांबं कधी जिवंत नव्हतं, दगडही नव्हता. भांड्याच्या बुडाला काजळी असेल तर त्या काजळीचं वय निघेल, भांड्याचं नाही. ‘भांड्यासोबत त्याच थरात सापडलेल्या कोळशाचं कार्बन डेटिंग’ असं लिहिलं असतं तर तक्रार नव्हती.

तिथेही एक पाचर आहेच. कोळशाचं वय म्हणजे ते लाकूड वाढलं तेव्हाचं वय. जुन्या वाड्याची सागवानी तुळई जळाली तर तिचा कोळसा सागाचं वय सांगेल, आगीचं नव्हे. म्हणून जळकं धान्य सापडलं की उत्खनन करणारे खूश होतात. धान्य एका हंगामाचं असतं, फसवत नाही. इनामगावला, पुणे जिल्ह्यातल्या घोड नदीकाठच्या त्या ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरायच्या काळातल्या) गावात, जळके दाणे भरपूर निघाले, त्यांत जव मुख्य.

‘३००० वर्षांपूर्वी’ हेही जपून लिहावं. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘आजपूर्वी’ असं येतं आणि त्यातला ‘आज’ म्हणजे १९५० साल. शिवाय आकड्याला अधिक-उणे जोडलेलं असतं आणि झाडांच्या वार्षिक वलयांशी ताडून त्याची दुरुस्ती करावी लागते. बातमीत अधिक-उणे गळून पडतं आणि ‘सिद्ध झालं’ तेवढं उरतं.

आता शब्द. ‘कालगणना’ इथे नको. ती शकाची, संवताची, कुठून वर्षं मोजायची त्याची. ‘कालनिर्णय’ चुकीचा नाही, ग्रंथांचा, शिलालेखांचा काळ ठरवताना जुने अभ्यासक तो सर्रास वापरत. पण धर्मशास्त्रात त्याचा अर्थ कोणतं कृत्य कोणत्या तिथीला करायचं याचा निर्णय, आणि आता तर तो शब्द भिंतीवरच्या कॅलेंडरने कायमचा खिशात घातलाय. उरले ‘कालमापन’ आणि ‘कालनिश्चिती’. मी हे दोन्ही वेगळे ठेवीन. यंत्र कार्बन-१४ मोजतं, तेव्हा होतं कालमापन. तो आकडा, थर, खापरं, लिपी, धातू असं सगळं जुळवून पुरातत्त्वज्ञ मत देतो, ती कालनिश्चिती. पद्धतीचं नाव मात्र ‘कार्बन कालमापन’ किंवा सरळ ‘कार्बन डेटिंग’. दुसरं रुळलंय, मारून मुटकून मराठी करण्यात अर्थ नाही.

हा फरक किती महत्त्वाचा, ते दायमाबादला दिसतं. प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात, १९७४ साली झाडाचा बुंधा खणताना धातूच्या चार वस्तू निघाल्या : बैलजोडीचा रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. सगळ्या भरीव, एकूण वजन ६० किलोंच्या वर. रथच सुमारे ४५ सेंटीमीटर लांब. पण या वस्तू शास्त्रीय उत्खननात, थरातून निघालेल्या नव्हत्या. अशा धातूचं कार्बन डेटिंग होत नाही, म्हणजे कालमापन बाद. मग काळ ठरवायचा कशावरून? एस. आर. राव, एम. एन. देशपांडे आणि पुढे तिथे उत्खनन करणारे एस. ए. साळी या पुरातत्त्वज्ञांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्यातल्या मानल्या. पुरातत्त्वज्ञ डी. पी. अग्रवाल यांनी रासायनिक विश्लेषणावर बोट ठेवलं : धातूत आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे, आणि ताम्रपाषाणयुगातल्या इतर वस्तूंत असं मिश्रण आढळत नाही. तेव्हा या वस्तू ऐतिहासिक, म्हणजे लेखी पुरावे मिळतात अशा बऱ्याच नंतरच्या काळातल्या असू शकतात. रसायनाने इथे वय मोजलं नाही, फक्त एक साक्ष दिली. म्हणून ‘रासायनिक विश्लेषणातून वय निघालं’ असं दायमाबादबद्दल कुणी लिहिलं तर तेही चूकच.

जाता जाता : या वस्तूंना सगळे ‘कांस्यमूर्ती’ म्हणतात. कांस्य म्हणजे कासं. तळपायाला घासायची काशाची वाटी तांबं आणि कथील यांची, कथील त्यात भरपूर. आर्सेनिकमुळेही तांबं टणक होतं आणि ओतायला सोपं जातं, पण ते काशाचं नव्हे. शक्य तिथे नुसतं ‘तांब्याची मिश्रधातू’ लिहावं.

वय आणि मूळ यांचीही अशीच गल्लत होते. तांबं कुठल्या खाणीतलं, हा प्रश्न काळाचा नाही. त्यासाठी ‘मूळ शोधणे’, ‘माग काढणे’ हे मला पुरेसे वाटतात, ‘उद्गमनिर्धारण’ असलं काही घडवायची गरज नाही. बहुतेक तांब्यात शिशाचा अंश असतो आणि शिशाच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण खाणीनुसार बदलतं, पण भट्टीत बदलत नाही. तांब्यात भेसळ नसेल आणि ते राजस्थानातल्या खेतडीच्या खनिजाशी जुळलं नाही, तर ‘खेतडीचं नाही’ असं ठामपणे लिहिता येतं. जुळलं तर मात्र ‘खेतडीचं असू शकतं’ एवढंच, कारण दुसऱ्या एखाद्या खाणीचं प्रमाणही तसंच असू शकतं. आणि दोन ठिकाणची मोड एकत्र वितळवून भांडं ओतलं असेल, तर येणारं प्रमाण कुठल्याच खाणीचं नसतं.