ऱ्होड्सचे जुने शहर पाहणार असाल तर

ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर प्रथमच जात आहात, म्हणून आग्रहाने सांगतो की तटबंदीच्या आतील जुने शहर एका दुपारीत उरकू नका. मोठी जहाजे बंदरात लागली की तेथील गल्ल्या गर्दीने भरून जातात. भल्या सकाळी मात्र हॉस्पिटलर सरदारांच्या, म्हणजे मध्ययुगीन ख्रिस्ती लढवय्या संघाच्या, रस्त्यावर, जिथे त्यांच्या निरनिराळ्या भाषिक गटांचे दगडी वाडे ओळीने उभे आहेत, तुमच्या पावलांखेरीज फारसा आवाज नसतो. या सरदारांनी १३०९ पासून बेट राखले आणि १५२२ मध्ये ऑटोमन (तुर्की) सुलतान सुलेमानच्या दीर्घ वेढ्यानंतर शरणागती पत्करली. त्या वेढ्याची कल्पना यायची असेल तर कोरड्या खंदकातून अवश्य चाला. तोफांचे दगडी गोळे अजून तेथे पडलेले आहेत आणि भिंतींची जाडी खालूनच खरी कळते. ग्रँड मास्टरचा, म्हणजे या सरदारांच्या प्रमुखाचा, राजवाडा पाहताना एवढे ध्यानात ठेवा की १८५६ च्या दारूगोळ्याच्या स्फोटात तो उद्ध्वस्त झाला आणि आजची वास्तू इटालियन राजवटीने विसाव्या शतकात उभारली. माझ्या मते जुने रुग्णालय, म्हणजे आताचे पुरातत्त्व संग्रहालय, अधिक अस्सल आहे. वाटा गोट्यांनी जडवलेल्या असल्याने जाड तळाचे बूट घाला.