जिन्यावरूनच परत आलो

प्रश्न: दादा, वय ४१, रोज संध्याकाळी पितो, सहा-सात वर्षांत एक दिवस खाडा नाही. मागच्या आठवड्यात दारू सोडणाऱ्यांच्या एका ग्रुपचा पत्ता काढून तिथपर्यंत गेलो, पण वरून जोरजोरात हसण्याचा आवाज आला आणि जिन्यावरूनच परत फिरलो, घरी येऊन रोजच्यापेक्षा जास्त घेतली. तिथं उभं राहून बोलावंच लागतं का? ओळखीचं कुणी निघालं तर? देवाबिवावर माझा विश्वास नाही, चालेल का? की आधी पूर्ण बंद करावी आणि मगच जावं?

उत्तर: शेवटचं आधी घेतो, कारण धोका तिथंच आहे. रोज पिणाऱ्याने स्वतःच्या मनाने एकदम बंद करायची नसते. शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, झोप उडते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भास होतात, माणूस बरळायला लागतो, त्यात जीवसुद्धा जाऊ शकतो. म्हणून डॉक्टरकडे जा आणि रोज किती पिता ते खरं सांगा (आपण सगळे निम्मं सांगतो, अनुभवी डॉक्टर मनातल्या मनात दुप्पट धरतो). गोळ्या देऊन किंवा गरज वाटली तर ॲडमिट करून ते नीट उतरवतील.

पण मीटिंगला जायला हे सगळं पार पडायची वाट बघू नका. अल्कोहोलिक्स अनॉनिमस म्हणजे एए, त्यांची अट एकच, दारू सोडायची इच्छा पाहिजे. सोडलेली पाहिजे असं कुठंच नाही. फी नाही, फॉर्म नाही, शेवटी वर्गणीचा डबा फिरतो, त्यात नाही टाकलं तरी कुणी बघत नाही.

आता त्या हसण्याबद्दल. मी स्वतः बाटली रेनकोटमध्ये गुंडाळून स्कूटरच्या डिकीत ठेवायचो आणि भर उन्हाळ्यात बायकोने तो रेनकोट धुवायला काढला. ही गोष्ट मी मीटिंगमध्ये सांगितली तेव्हा सगळे असेच हसले, कारण प्रत्येकाचा आपापला रेनकोट होता. तुम्हाला ऐकू आलं ते बहुतेक असलंच काहीतरी असणार.

बोलावं लागत नाही. नंबर आला की 'आज फक्त ऐकतो' म्हणायचं, पुढचा सुरू करतो. माझ्या पहिल्या मीटिंगला मी दाराजवळची खुर्ची पकडली आणि तासभर हेल्मेट मांडीवर घेऊन बसलो, कधी पण पळता यावं म्हणून. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी नाव विचारलं नाही, काही नाही, निघताना एवढंच म्हणाले, पुढच्या वेळी हेल्मेट खुर्चीखाली ठेवा, बसतं तिथं. त्या 'पुढच्या वेळी'वर मी परत गेलो.

ओळखीचं कुणी निघालं तर तोही त्याच कारणासाठी आलेला असणार ना! फक्त फोनवर आधी विचारून घ्या, मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड. ओपनला नातेवाईक वगैरे कुणीही बसू शकतं, क्लोज्डला फक्त ज्यांना स्वतःला पिण्याचा त्रास आहे तेच. तुमच्या भीतीला क्लोज्ड बरी. आणि त्याच फोनवर सांगून टाका की पहिल्यांदाच येतोय, जिन्याखाली कुणी भेटेल का, बहुतेक वेळा कुणीतरी उतरून येतं. मुळात एए फोनवरूनच सुरू झालंय. १९३५ साली अमेरिकेतल्या अक्रन गावात बिल विल्सन नावाचा नुकताच दारू सोडलेला माणूस हॉटेलच्या लॉबीत उभा होता, एका बाजूला बार, एका बाजूला फोन, त्याने फोन उचलला आणि विचारत विचारत डॉ. बॉब स्मिथ या दुसऱ्या पिणाऱ्यापर्यंत पोचला. डॉक्टर १५ मिनिटंच बसणार म्हणून आले होते, बसले सहा तासांच्या वर.

देवाचं म्हणाल तर एएच्या दारू सोडायच्या बारा पायऱ्यांमध्ये देव येतो, पण 'आम्हाला जसा समजला तसा' असं म्हणून येतो, काहीजण तिथं सरळ ग्रुपलाच धरतात. तरीही घशाखाली उतरत नसेल तर १९९४ पासून चालू असलेलं स्मार्ट रिकव्हरी आहे, त्यात देव नाही, विचार आणि सवयी बदलायच्या पद्धती आहेत. ऑनलाइन मीटिंगा दोन्हीकडे असतात, कॅमेरा बंद ठेवून बसलात तरी चालतं. आणि एकच ग्रुप बघून मत बनवू नका, एखाद्या ठिकाणी एकच माणूस पाऊण तास बोलतो, मला पण असला एक भेटला होता, मी ग्रुप बदलला. पाच-सहा मीटिंगा करा, मग ठरवा.

प्रश्न: दादा, पिणारा नवरा आहे, तो कुठंच यायला तयार नाही. मी एकटी जाऊन काय उपयोग?

उत्तर: ताई, तुमच्यासाठी वेगळा ग्रुप आहे, अल-अनॉन, १९५१ पासून, बिलच्या बायकोनेच, लोइसने, एका मैत्रिणीबरोबर सुरू केलेला. तिथं नवऱ्याची कशी सोडवायची ते शिकवत नाहीत, हे आधीच सांगतो म्हणजे निराश व्हायला नको. बाटल्या मोजणं, ऑफिसला त्याच्या वतीने 'ताप आलाय' म्हणून फोन करणं, हे तुम्ही कसं थांबवायचं, ते तिथल्या बायका स्वतःचं सांगतात. तो पितो की सोडतो याच्याशी तुमच्या जाण्याचा संबंध नाही, त्याची परवानगी पण लागत नाही. मुलं टीनएजमध्ये असतील तर त्यांच्यासाठी अलटीन आहे. मारहाण होत असेल तर मात्र ग्रुपच्या आधी सुरक्षित जागा बघा, मीटिंग त्यानंतर.