आधी रात्रपाळी, मग खुर्ची

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातला द्राक्ष बागायतदार. अकरा वर्षांपूर्वी निवासी केंद्रात राहून दारू सोडली, ती आजवर सुटलेलीच आहे. मुलगी एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) शेवटच्या वर्षाला आहे. तिला नुसतं समुपदेशन करायचं नाही, व्यसनमुक्ती केंद्र चालवायचं आहे. शेजारच्या तालुक्यात नव्याने निघालेल्या एका केंद्राने परीक्षा संपली की 'व्यवस्थापक' म्हणून ये, असं तिला सांगितलंय. तिची आई म्हणते, दारुड्यांच्यात पोरीला पाठवायचं नाही. मला अभिमान वाटतो आणि धास्तीही. या कामात पुढे काही आहे का? की आमच्याच वस्तीवर जागा आहे, तिथे तिला केंद्र काढून द्यावं?

उत्तर : नमस्कार. आधी निकाल सांगतो, मग कारणं. मुलीने या क्षेत्रात जरूर जावं. ती व्यवस्थापकाची जागा मात्र आत्ता घेऊ नये. आणि वस्तीवरच्या केंद्राचा विषय तूर्त बाजूला ठेवा.

काम आहे का, तर हवं त्याहून जास्त आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 साली आला. त्यानुसार देशात सुमारे 16 कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या साधारण पावणेसहा कोटींना उपचारांची गरज आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्यांपैकी 38 जणांमागे एकालाच कुठली ना कुठली मदत मिळाली होती. दाखल होऊन उपचार मिळाले ते 180 जणांमागे एकाला. तो एक तुम्ही होतात. माणसं कमी पडतात ती इथेच, त्यामुळे मुलीला काम शोधत फिरावं लागणार नाही. धोकाही तोच. माणसं मिळत नाहीत म्हणून काल पदवी घेतलेल्या मुलीलाही थेट खुर्चीत बसवायला केंद्रं तयार असतात.

केंद्रप्रमुखाचं काम म्हणजे नेमकं काय, हे तुम्ही पेशंट म्हणून एका बाजूने पाहिलंय. दुसऱ्या बाजूने ते असं दिसतं. समुपदेशक दिवसा दहा ते पाच काम करतो, त्याच्यासमोर एका वेळी एक माणूस असतो. प्रमुखाच्या अंगावर तीस-चाळीस माणसांचे चोवीस तास असतात. स्वयंपाकी आला नाही, औषधाच्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, भेटीला आलेल्या मित्राने तंबाखूच्या पुडीतून काय आत दिलं, बायको सही करून गेली आणि भाऊ घरी न्यायला आला, हे सगळं तिच्याकडेच येणार. आणि यातलं सर्वांत जोखमीचं रात्रीच होतं.

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम थांबवली की सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात. झटके येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत असतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, माणूस पळत सुटतो. वेळेवर उपचार झाले नाहीत तर यात जीव जातो. म्हणून डिटॉक्स, म्हणजे शरीरातून दारू उतरवण्याचा हा टप्पा, डॉक्टरच्या देखरेखीखालीच व्हायला हवा, त्यात योग्य औषधं आणि थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) हवं. गर्दचं (हेरॉइनचं) उलटं आहे. त्याचा विड्रॉवल, म्हणजे सोडल्यावरचा त्रास, भयंकर असला तरी त्यात सहसा जीव जात नाही. धोका पुढे असतो. महिनाभर सुटलेला माणूस बाहेर जाऊन पूर्वीच्याच मापाने घेतो, शरीराची सवय तोवर मोडलेली असते आणि श्वास बंद पडतो. हे ज्या केंद्रप्रमुखाला माहीत नाही, तो निरोपाच्या दिवशी हार घालून माणसाला मोटारीत बसवतो आणि काम झालं असं समजतो. रात्री दोन वाजता 'पाणी पाजा, झोपवा' म्हणायचं की गाडी काढून सिव्हिलला न्यायचं, हा निर्णय पुस्तकातून येत नाही. तो रात्रपाळ्या करून येतो. मुलीने त्या आधी कराव्यात, सही करण्याचा अधिकार नंतर घ्यावा.

आता त्या शेजारच्या केंद्राबद्दल. मी त्यांना ओळखत नाही, म्हणून चांगलं-वाईट म्हणणार नाही. मुलीने जाऊन चार गोष्टी विचाराव्यात. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रासही आपल्या कक्षेत घेतो, तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे केंद्राची नोंदणी आहे का? मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा प्रत्यक्ष येतात, की फक्त लेटरहेडवर आहेत? रात्री नर्स असते का? चौथा प्रश्न जरा आडून विचारायचा : 'यायला तयार नसलेल्या पेशंटला तुम्ही कसं आणता?' उत्तर 'आमची गाडी जाते, चार पोरं उचलून आणतात' असं आलं, तर चहा न घेता उठावं. नको म्हणणाऱ्याला दाखल करायचं तर कायद्याने दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञच हवा, आणि तेही आधी 30 दिवसांपुरतंच. घरच्यांची सही पुरत नाही. साखळीने बांधायला तर साफ बंदी आहे. विनानोंदणी केंद्राला पहिल्या वेळी दंड पाच ते पन्नास हजार, पुढे तो लाखांत जातो. पण दंडापेक्षा वाईट गोष्ट ही, की अशा ठिकाणी काही झालं तर कागदावर 'व्यवस्थापक' म्हणून नाव मुलीचं असेल. नव्या पदवीधरांना मोठं पद देण्यामागे कधीकधी हाच हिशेब असतो, हे मी स्पष्टच लिहितो.

मग तिने कुठे जावं? जिथे तिच्यावर नजर ठेवणारं कुणीतरी ज्येष्ठ माणूस असेल तिथे, प्रशिक्षणार्थी समुपदेशक म्हणून. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र तुम्हाला सांगायला नको. 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने येरवड्यात ते सुरू केलं. तिथे पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' गट आहे, व्यसनी स्त्रियांसाठी 'निशिगंध' आहे. मुंबईला फादर जोसेफ परेरांनी 1981 मध्ये वांद्र्याच्या चर्चमधून सुरू केलेलं कृपा फाउंडेशन आहे, त्यांच्या उपचारांत योगाला मोठी जागा आहे. चेन्नईचं टीटीके हॉस्पिटल शांती रंगनाथन यांनी 1980 मध्ये सुरू केलेल्या संस्थेचं आहे. पती दारूने गेल्यावर त्या या कामात उतरल्या. तिन्हींची पद्धत वेगळी आहे. एका ठिकाणी दोन-तीन वर्षं राहावं, दुसरीकडे निदान काही आठवडे पाहून यावं. मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारी निवासी केंद्रंही बरीच आहेत. तिथे समुपदेशक, प्रकल्प समन्वयक, प्रकल्प संचालक अशा पायऱ्या असतात आणि हिशेब, तपासणी, अनुदानाचे कागद यांची सवय होते. प्रमुखाला ती लागतेच.

शिक्षणाचं थोडक्यात. एमएसडब्ल्यूवर समुपदेशकाचं काम मिळतं. कायद्याच्या व्याख्येतली 'मानसोपचार सामाजिक कार्यकर्ती' व्हायचं तर त्यापुढे दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. लागतो. एम.फिल.चे नियम सध्या बदलताहेत, तेव्हा प्रवेशाआधी बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थेची ताजी अधिसूचना वाचावी.

पगाराबद्दल गोड बोलणार नाही. संस्थांमध्ये सुरुवात तुटपुंजी असते, अनुदान उशिरा आलं की पगारही उशिरा. खासगी रुग्णालयात जास्त मिळतं, पण तिथे केंद्र चालवायला शिकता येत नाही. पहिली काही वर्षं घरून थोडा हातभार लागेल, हे गृहीत धरा.

तिच्या आईंना सांगा, पुरुषांच्या वॉर्डात स्त्री समुपदेशक असणं ही नेहमीची गोष्ट आहे. सुरक्षिततेची काळजी योग्यच आहे, पण ती व्यवस्थेला विचारायची : ती एकटी असताना हाकेच्या अंतरावर कोण असतं, राहायची सोय कुठे? चांगलं केंद्र या प्रश्नांना वैतागत नाही.

आता तुमच्याबद्दल. दारू सुटलेल्या माणसाची मुलगी असणं ही पात्रता नाही आणि अडचणही नाही. बरे झालेले किती तरी जण आज या केंद्रांत उत्तम काम करतात. पण अशा घरात वाढलेल्या मुलांना दुसऱ्याला सावरण्याची सवय लहानपणीच लागलेली असते. तुमच्या वयाचा एखादा पेशंट महिनाभर नीट राहून बाहेर पडेल आणि आठवड्यात पिऊन परत येईल. समुपदेशकाला त्या दिवशी वाईट वाटतं. तिला तो स्वतःचा पराभव वाटेल. ती ॲल-ॲनॉनला, म्हणजे दारुड्यांच्या घरच्यांच्या मदतगटाला, कधी गेली आहे का? नसेल तर आताच जाऊ द्या, पेशंटसाठी नाही, स्वतःसाठी. आणि तुम्ही ज्या केंद्रातून बरे झालात, जिथे अजून फॉलोअपला जाता, तिथे तिने नोकरी धरू नये. तुमच्या बॅचचे लोक तिथे येतात, त्यांना ती तुमची मुलगी म्हणून दिसेल आणि मन मोकळं करणं दोघांनाही जड जाईल.

वस्तीवरची जागा द्यायची घाई करू नका. गावाबाहेर, दवाखान्यापासून लांब, पाठीशी डॉक्टर नसलेलं केंद्र ही मी वर सांगितलेल्या सगळ्या अडचणींची सुरुवात आहे. पाच-सहा वर्षांनी तिने स्वतःहून मानसोपचारतज्ज्ञ, नर्स आणि हिशेबनीस यांची नावं घेऊन तुमच्याकडे जागा मागितली, तर बोलणी करा. तोवर तिथे द्राक्षंच राहू देत. वाइनवाल्यांना विकू नका म्हणजे झालं.