शाल चघळणारी मांजर

प्रश्न : आमची दोन वर्षांची मांजर पोटभर जेवूनही लोकरीची शाल चघळते. परवा तर तिने शिवणाच्या डब्यातला दोरा गिळला. तिच्या आहारात काही कमी आहे का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आधी दोऱ्याविषयी, कारण शाल थांबू शकते, दोरा नाही. त्याचे एक टोक जिभेच्या मुळाशी अडकले, की उरलेला दोरा ताणला जाऊन आतड्याला चुण्या पडतात आणि प्रसंगी आतडे चिरले जाते. म्हणून तोंडातून किंवा शेपटीखालून लोंबणारा दोरा कधीही ओढू नये. मांजर वरवर ठीक दिसली तरी आजच पशुवैद्याकडे न्यावी आणि दोऱ्याला सुई होती का, तेही सांगावे. एक्स-रे व सोनोग्राफी करून शस्त्रक्रियेचा निर्णय घेता येतो.

अखाद्य वस्तू खाण्याच्या सवयीला ‘पायका’ म्हणतात. लोकरीची ओढ सयामी व बर्मी जातींत अधिक आढळते. माती चाटणाऱ्या मांजरीत मात्र रक्तक्षयाची शंका घेऊन रक्त तपासतात. पोटाचे विकार आणि बंद घरातला कंटाळा हीही कारणे असतात. रागावून उपयोग नाही. शाल कपाटात ठेवावी आणि रोज मांजरीशी खेळावे. एवढ्याने न भागल्यास पशुवैद्य वर्तनावरची औषधे देतात.