जुनी यूट घ्यावी की नवी? आधी पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला डोकवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये डार्लिंग डाउन्सवरच्या एका शेतावर नोकरी लागली आहे, रोज कच्च्या रस्त्यानं जायचंय आणि तिथला जो तो सांगतोय, ‘नव्या यूटच्या (म्हणजे आपल्याकडच्या पिकअपच्या) नादी लागू नकोस, नव्वदच्या दशकातली टोयोटा घे, ती मरत नाही.’ जुन्या गाड्या आणि जुनी हत्यारं खरंच जास्त टिकतात का?

मी त्याच भागातल्या टूवूंबाला एका डिझेल वर्कशॉपमध्ये अकरा वर्षं काम करतोय. त्याआधी सांगली जिल्ह्यात वडिलांच्या गॅरेजात वडापच्या जिपा आणि ट्रॅक्स खोलत वाढलो. दोन्हीकडचं ग्रीस नखांत आहे, तेवढ्या भांडवलावर लिहितो.

‘मरत नाही’ हे खोटं आहे. मरतात, ढिगानं मरतात. तुमच्याच शेतावर शेडच्या मागं जाऊन बघा, गवतात दोन-चार सांगाडे सापडतील. रस्त्यावर दिसतात त्या उरलेल्या. आमचे आजोबा म्हणायचे, आमच्या वेळी कुणी आजारी पडत नव्हतं. पडले ते सांगायला कुठं राहिले?

तरीही उरलेल्या इतक्या का उरल्या, याला कारणं आहेत. टोयोटाच्याच लँडक्रूझरच्या ७५ सिरीजमध्ये १९९० पासून येणारं ‘वन-एचझेड’ इंजिन घ्या. सहा सिलिंडर, ४१६४ सीसी, टर्बो नाही. एवढ्या मोठ्या इंजिनाकडून ताकद किती मागितली, तर शंभर किलोवॅटसुद्धा नाही. आजच्या यूटमध्ये त्याच्या दोन-तृतीयांश आकाराची इंजिनं त्याहून दीडपट काम करतात. जुन्या इंजिनाला कधी धाप लागलीच नाही, म्हणून ते म्हातारं झालं नाही. पंप मेकॅनिकल, कॉम्प्युटर नाही, डिझेल आणि हवा मिळाली की बास. पण त्यालाही टायमिंग बेल्ट आहे आणि तो लाखभर किलोमीटरला बदलावाच लागतो. ‘कधी बदलला?’ असं विचारल्यावर मालक आभाळाकडं बघायला लागला, तर बेल्टचे पैसे किमतीतून वजा करूनच बोला. आणि अशा इंजिनाला कुणी मागाहून टर्बो बसवला असेल तर मी सहसा पुढं निघतो. ज्या आरामामुळं ते टिकलं, तोच काढून घेतलेला असतो.

दुसरं कारण गाडीच्या बाहेर आहे. १९५० च्या दशकाच्या शेवटी स्नोई माउंटन्सच्या धरणांच्या कामावर लेस्ली थीस या कंत्राटदारानं लँडक्रूझर आणल्या आणि तिथून त्या देशभर पसरल्या. आज कुठल्याही आडगावात तिचा पार्ट मिळतो, भंगारात जुळी बहीण मिळते आणि डोळे झाकून क्लच उतरवणारा माणूसही मिळतो. आपल्याकडं महिंद्राच्या जिपांचं हेच झालं. तासगावात जीप बंद पडली तरी दिवस मावळायच्या आत ती परत वडापला लागायची. जीप फार भारी होती असं नाही, पार्ट पुढच्या चौकात मिळायचा.

म्हणून मी एकच गोष्ट बघतो: झिजणारा भाग कुठला, तो वेगळा निघतो का आणि तिथं हात पोचतो का.

उदाहरण देतो. ७५ सिरीज काय किंवा नव्वदच्या दशकातली २.८ डिझेलची फोर-व्हील हायलक्स काय, दोघींनाही पुढं अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे आहेत, आपल्या जिपेसारखेच. चाक वळतं तिथं एक मोठा पोलादी गोळा असतो. त्याच्या आत सांध्याचं ग्रीस आणि शेजारच्या नळीत डिफरन्शियलचं ऑइल. मधे एक ऑइल सील. ते सील गेलं की ऑइल ग्रीसमध्ये शिरतं आणि करपलेल्या आमटीसारखा काळा रस्सा गोळ्यावरून खाली ओघळतो. गाडी बघायला जाल तेव्हा स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, टॉर्च घेऊन खाली वाका आणि पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला बघा. गोळ्यावर तेलाची पुसट ओल असेल तर चालतं. रस्सा असेल तर कित्येक महिने कुणी तिथं डोकावलेलं नाही, आणि तिथं डोकावलं नसेल तर बाकी गाडीकडंही पाहिलेलं नाही. मग चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खडखड आली तर बेअरिंग. हे सगळं काम सील, गॅस्केट आणि एका दिवसाच्या मजुरीचं आहे, घाबरू नका. पण गाडी कशी वापरलीय याचा तो आरसा आहे. मीटरवरचा आकडा मी त्यानंतर बघतो.

ज्याच्यावर सोपा इलाज नाही तो गंज. लाल मातीतल्या, कोरड्या भागातल्या गाडीचा पत्रा ठोकलेला असेल, पण सडलेला नसतो. समुद्रावर मासेमारीला आणि वाळूवर फिरवलेली गाडी वरून नवरीसारखी दिसते आणि आतून चासीच्या पोकळीत ओली वाळू साठलेली असते. ७५ सिरीजला छताच्या पन्हाळीत आणि पुढच्या काचेच्या चौकटीत बघा. खाली नवाकोरा काळा रंग मारलेला असेल तर पान्याच्या टोकानं चासी वाजवत जा. टणटण आवाज यायला हवा, थपथप नाही. इथं जाणकार लोक पोकळीत माशाचं तेल फवारतात. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मला थेट मालवण आठवलं, तिथंही होड्यांच्या लाकडाला माशाचंच तेल लावायची रीत.

हत्यारांचंही गणित तेच. आमच्या वर्कशॉपात मेलबर्नच्या डॉन कंपनीचा एक शेगडा (बेंच व्हाइस) आहे, आमच्या मालकाच्या वडिलांच्या काळातला. त्याचे जबडे घासून गुळगुळीत झाले होते. दोन स्क्रू काढले, नवीन पट्ट्या बसवल्या, पुन्हा पकडायला लागला. खांबावरचं जुनं ड्रिल मशिन बोंबलायला लागलं तेव्हा आत निघालं ६२०३ नंबरचं बेअरिंग. ते सांगलीत मिळतं तसं टूवूंबातही मिळतं. उलट माझं बॅटरीवरचं एक ड्रिल चांगलं ठणठणीत असून कपाटात पडलंय, कारण त्या आकाराची बॅटरीच कंपनीनं बंद केली. पण म्हणून जुनं दिसलं की उचलू नका. बाजारात जुन्या पान्यांची रास असते, त्यात जबडा फाकलेले निम्मे. माझ्या पेटीत वडिलांनी दिलेले नाशिकच्या टपारियाचे रिंग पाने आहेत, १०, १२, १४, १७. विमानातल्या सामानाच्या वजनात बसवून आणलेले. जिपेसाठी घरी सुताचे, म्हणजे इंची मापाचे पाने असायचे, त्यांचा इथल्या टोयोटांना काही उपयोग नाही, ते तिकडंच राहिले.

नव्या यूटला मी नावं ठेवत नाही. तुमच्या प्रश्नात बायको आणि लहान मूल आहे, ते वाचून थांबलो. नव्वदच्या दशकातल्या कामाच्या यूटला सहसा एअरबॅग नाहीत, एबीएस नाही. रात्री हमरस्त्यावर कांगारू आडवा आला तर चांगलं सील कामाला येत नाही. ब्रिस्बेनला कुटुंब घेऊन जायला दुसरी गाडी असेल तरच म्हातारी घ्या. नव्या डिझेलला धुराची जाळी असते, तिला लांबचा सलग प्रवास लागतो. शेताच्या फाटकापर्यंत दोन-दोन किलोमीटर फिरवलीत तर ती काजळीनं भरते. हा दोष वापराचा, पण बिल तुमच्याच नावावर येतं. आणि जुनीला डिझेल जास्त लागतं, शंभर किलोमीटरला बारा-तेरा लिटर धरून चाला.

भाव ऐकून डोळे पांढरे होतील, तेव्हा लँडक्रूझरचा हट्ट सोडून हायलक्स बघा. कर्जाचा बोजा आणि चोरीची नोंद पीपीएसआर या सरकारी ऑनलाइन नोंदवहीवर दोन डॉलरमध्ये समजते, सेफ्टी सर्टिफिकेट विकणाऱ्याकडून मागून घ्या. आणि बघायला जायच्या आदल्या रात्री मालकाला फोन करून सांगा, ‘मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ टूवूंबा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास आहे, थंडीतल्या सकाळी म्हातारं डिझेल खरं बोलतं. ग्लो प्लगचा (थंड इंजिन आधी तापवणाऱ्या हिटरचा) दिवा विझल्यावर सुरू झाली आणि थोडा पांढरा धूर काढून शांत झाली तर ठीक. पोचल्या पोचल्या नमस्कार-चमत्कार करता करता बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा पिऊन परत या.